रेसट्रॅक मायक्रोट्रॉन आणि आत्याचे शहाण्णव वेढे

गाडी नाही, ट्रेकिंगचे बूट नाहीत आणि गुडघेही आता कुरकुरतात, तरी माझी फिरायची हौस काही जात नाही, हे या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. मी धायरीत राहते, दहावीच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेते आणि सुट्टी मिळाली की बसने, मेट्रोने, रिक्षाने जिथवर जाता येईल तिथवर जाऊन येते. यावेळचा प्रवास मात्र पुण्यातल्या पुण्यातच झाला. धायरी, मार्केट यार्ड, मांजरी आणि शेवटी गणेशखिंड. बघायचं ठिकाण : एक रेसट्रॅक मायक्रोट्रॉन. नाव वाचून पळू नका. इलेक्ट्रॉनना फेऱ्या मारायला लावून दर फेरीला त्यांची ताकद वाढवणारं हे यंत्र आहे. आणि आजवरच्या माझ्या सगळ्या सहलींत हीच सहल सगळ्यांत भारी झाली, हे मी छातीठोकपणे सांगते.

झालं असं, की एका रविवारी मी मांजरीला शालनआत्याकडे गेले होते. शालनआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, वय एकाहत्तर. हडपसरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तिने कितीतरी वर्षं वाइंडिंगचं काम केलं, म्हणजे मोटारींच्या, ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली गुंडाळायचं. ते वर्कशॉप कधीच बंद पडलं. मी पेपर वाचत होते, ती तांदूळ निवडत होती. गणेशखिंडीच्या बाजूच्या एका संस्थेतला जुना प्रवेगक, म्हणजे हाच मायक्रोट्रॉन, दिवाळीनंतर मोडीत काढणार, तोवर आधी कळवून येणाऱ्यांना तो दाखवणार, अशी बातमी होती. मी ती सहज मोठ्याने वाचली. (संस्थेचं नाव लिहू नका, नाहीतर फाटकावर रांग लागेल, असं तिथल्या लोकांनी मला बजावलंय. मी शब्द पाळते.)

आत्याचे हात थांबले.

"त्याच्या चुंबकाच्या कॉइली मी गुंडाळल्यात," ती म्हणाली. "दोन. शहाण्णव-शहाण्णव वेढ्यांच्या. आन् दुसरी बहुतेक चुकलीया."

मग तिने जे सांगितलं ते तिने तीस वर्षांत घरच्या कुणालाच सांगितलं नव्हतं. मोजणीसाठी तिची स्वतःची पद्धत होती. एका ताटलीत शहाण्णव चिंचोके घ्यायचे. एक वेढा पुरा झाला की एक चिंचोका ताटलीतून उचलून डब्यात टाकायचा. ताटली रिकामी झाली की कॉइल पुरी. दुसऱ्या कॉइलीच्या वेळी मध्येच घरून निरोप आला, ती उठली, परत बसली, काम पुरं केलं. कॉइलीवर कापडी पट्टी चढली, वॉर्निश झालं, माल गेला. दुसऱ्या दिवशी केर काढताना तिला स्टुलाखाली एक चिंचोका सापडला.

तो डब्यातून उडून पडला असेल तर काहीच बिघडलं नव्हतं. ताटलीतून पडला असेल तर मात्र ताटली एक वेढा आधीच रिकामी झाली होती, म्हणजे पंच्याण्णवच वेढे भरले होते. आणि दोन्ही चुंबक अगदी जुळ्यासारखे हवेत, हे वर्कशॉपच्या शेठनी शंभरदा बजावलं होतं.

"शेठला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. म्हनले, मिटरवर बरोबर दिसतंय, गप ऱ्हा. मिटर कसला, एका वेढ्याला त्याचा काटा हलत बी न्हवता." ती ताटाकडे बघत राहिली. "त्याच्यानंतर वायंडिंगला मी बसले न्हाय. पॅकिंगला टाका म्हनलं मला."

वर्कशॉपमध्ये आत्यासारखा हात कुणाचाच नव्हता, असं माझे बाबा नेहमी सांगत. तिने वाइंडिंग का सोडलं, हे कोडं घरात कुणालाच उलगडलं नव्हतं. मला ते ऐकून गलबलून आलं आणि थोडा रागही आला. एका चिंचोक्यापायी!

मी म्हटलं, "आत्या, यंत्र तीस वर्षं चाललंय. चूक असती तर चाललं असतं का?"

"चाललं आसंल कसंतरी. शिकलेली मान्सं हायेत ती, माझ्या चुकीवर ठिगळ लावून चालवलं आसंल. मला एकदा ते चालताना बगायचंय. ठिगळ हाय का न्हाय ते माझ्या डोळ्यांनी बगायचंय."

एवढं ऐकल्यावर घरी बसणारी मी नव्हे. त्याच रात्री मेल टाकला. तिसऱ्या दिवशी डॉ. मेश्राम यांचं उत्तर आलं : खंडेनवमीच्या दिवशी यंत्र शेवटचं चालवणार आहोत, सकाळी अकराला या, बाराला आमच्या वर्कशॉपची पूजा असते, त्याआधी या. ओळखपत्र आणा. 'त्याआधी' हा शब्द त्यांनी ठळक केला होता. तो मी नीट वाचला होता, हे इथे प्रामाणिकपणे नमूद करते.

खंडेनवमीला सकाळी साडेसहालाच घर सोडलं. धायरीहून स्वारगेटची बस त्या वेळी रिकामी मिळते. सिंहगड रस्त्यावर सातच्या आत निघालात तर प्रवास, सातनंतर निघालात तर तपश्चर्या. स्वारगेटहून हडपसरची बस धरायची होती. पण हाताशी वेळ होता, मार्केट यार्ड दोन पावलांवर होतं आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा फुलबाजार मी कधी पाहिला नव्हता. पंधरा मिनिटांत येऊ, असं स्वतःलाच सांगून रिक्षा केली.

तिथे पंधरा मिनिटांत काहीही होत नाही. झेंडूचे ढीग माझ्या खांद्याएवढे. पिवळा, भगवा, मधूनच शेवंतीचा पांढरा. हमाल डोक्यावर पाट्या घेऊन "साइड, साइड" करत धावत होते आणि मी बरोबर त्यांच्या वाटेत उभी राहून फोटो काढत होते. एक जण थांबून म्हणाला, "मॅडम, फोटो काढून झाला असेल तर आम्ही जरा धंदा करू का?" मी बाजूला झाले ती दुसऱ्याच्या वाटेत. यंत्राला घालायला म्हणून एक चांगला जाड हार घेतला. बाहेर चहा आणि गरम वडापाव खाल्ला. घड्याळ बघितलं तर पावणेनऊ! कुणी त्या दिवशी जाणार असाल तर पहाटेच जा आणि त्यानंतर कुणाला वेळ देऊ नका.

हडपसरच्या गाडीतळापर्यंत बस आणि तिथून मांजरीला रिक्षा. रिक्षावाल्याला आधीच "गावात सोडायचं" म्हणून ठरवून घ्या, नाहीतर तो तुम्हाला नव्या इमारतींच्या गेटवर सोडून मोकळा होतो. मांजरीत आता उसाच्या फडाला लागून बारा-बारा मजले उभे आहेत. आत्याच्या घरामागे एक एकर ऊस उरलाय, त्यावर समोरच्या गच्चीतले लोक सकाळी चहा पीत नजर ठेवून असतात.

आत्या ओट्यावर तयार बसली होती. इरकली नेसलेली, पिशवीत भाकऱ्या, ठेचा आणि पाण्याची बाटली. "धा वाजून गेले," एवढंच म्हणाली. मी हार दाखवला. तिने हाराकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि चपला घातल्या.

परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली, पण बस हलेना. सणाचा दिवस, जो तो रस्त्यावर. फातिमानगर ओलांडून रेसकोर्सच्या कुंपणापाशी आलो तेव्हा साडेअकरा होत आले होते. तरी तोंडाने मी माहिती देत होते, शिक्षिकेची खोड. म्हटलं, "आत्या, बघ, तुझं यंत्र असंच आहे. दोन बाजूंना सरळ रस्ता, दोन टोकांना वळण. म्हणून त्याला रेसट्रॅक म्हणतात. आणि मायक्रो म्हणजे सूक्ष्म, कारण इलेक्ट्रॉन अगदी बारीक असतात."

शेजारच्या सीटवरच्या बाई कौतुकाने ऐकत होत्या, त्यामुळे मला आणखी चेव आला. आत्या मैदानाकडे बघत म्हणाली, "वळनावर चुंबक लागतो. चुंबक कमी पडला तर घोडं कुंपनाभाईर."

स्वारगेटहून मेट्रो धरली. भुयारातली मेट्रो आत्याने पहिल्यांदाच पाहिली, पण सरकत्या जिन्यावर ती माझ्यापेक्षा सफाईने चढली. शिवाजीनगरला उतरून रिक्षा. फाटकावर वहीत नाव-गाव लिहिण्यात आणखी दहा मिनिटं. आत पोचलो तेव्हा बारा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

दारात उदबत्तीचा वास आला आणि माझा धीरच सुटला.

आतलं यंत्र मोठ्या खोलीच्या मधोमध होतं. लोखंडाचे दोन अर्धगोल चुंबक, माझ्या कमरेएवढे उंच, सपाट बाजू एकमेकांकडे करून चार-पाच हात अंतरावर ठेवलेले, मध्ये चकचकीत नळ्या. आणि सगळ्यावर झेंडू. हळदीकुंकवाची बोटं, समोर नारळ, केळी, आणि चुंबकांच्या कडेवर ओळीने मांडलेली हत्यारं : पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, प्रत्येकावर एकेक फूल. माझा हार आता कुठे घालायचा हाही प्रश्नच होता.

डॉ. मेश्राम चाळिशीच्या, नागपूरच्या, हसतमुख. त्यांची प्रवासाची बॅग भिंतीला टेकून तयार होती. "मी बारापर्यंत वाट पाहिली हो," त्या म्हणाल्या. "आता मोठा प्रश्न करून ठेवला तुम्ही."

प्रश्न असा होता. यंत्र चालवायचं लायसन्स त्यांच्याकडे. त्या संध्याकाळच्या गाडीने नागपूरला निघणार होत्या, दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमीवर आईला घेऊन जायचं होतं. त्या परत येईपर्यंत वीज तोडायचं काम सुरू झालेलं असणार. म्हणजे चाललं तर आजच. पण यंत्राची सगळी देखभाल जगतापकाकांकडे. काका अठ्ठावीस वर्षं त्या खोलीत काम करत होते, पूजा त्यांनीच मांडली होती, आणि काकांचा नियम पक्का होता.

"पूजेला बसलेलं हत्यार आज उचलायचं नसतं," काका म्हणाले. "उद्या सोनं लुटून झालं की उचलायचं. आपल्याला अकराची वेळ दिली होती. घड्याळ वापरत असालच आपण."

मी ओशाळून हार मागे लपवला. डॉ. मेश्राम हळूच मला म्हणाल्या, "मी स्वतः पूजा करत नाही. पण काकांनी मांडलेली पूजा मी मोडणार नाही. त्यांनी हो म्हटलं तरच."

आत्याने हातातली पिशवी खाली ठेवली. ती पुढे गेली. "पूजा कुनी मांडली म्हनलं?"

"मी."

"मग उत्तरपूजा बी तुमच्याच हातात हाय की. आमच्या वर्कशॉपला एकदा खंडेनवमीलाच दवाखान्याच्या पंपाची मोटार जळून आली. शेठनी अक्षता टाकल्या, हत्यारं जागची हलवली, पुनरागमनाय च म्हनले आन् आमी कामाला बसलो. देव काय रागावला न्हाय."

"ती अडचण होती. इथे कसली अडचण आहे?"

तेव्हा आत्याने सांगितलं. ताटली, डबा, चिंचोका, पॅकिंग, सगळं. उभ्याउभ्या, कुणाकडेही न बघता. काका ऐकत राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"या कॉइली आपण गुंडाळल्यात?"

"व्हय."

"अहो, मग हे आधी सांगायचं! यंत्राच्या माहेरची माणसं आलीयेत आणि मी दारात उभं करून शास्त्र शिकवतोय." ते वळून ओरडले, "मॅडम, मॅग्नेट्रॉन गरम करायला घ्या. अर्धा तास लागेल. तोवर मी अक्षता टाकतो."

त्यांनी खरंच मनापासून उत्तरपूजा केली. माझा हार आधी यंत्राला घातला, नमस्कार केला, आणि मग सगळे हार उतरवून बाजूला ठेवले. लोखंडी हत्यारं चुंबकापाशी ठेवून चालत नाहीत, म्हणून ती एकेक करून ट्रेमध्ये गोळा करत ते आत्याला विचारत होते : पट्टी कशी चढवायचा? कोपऱ्यावर तांबं फुगायचं नाही का? आत्या हाताने हवेत दाखवत होती, असं दाबायचं, असं वळवायचं. तीस वर्षांनी तिला कुणीतरी कामाबद्दल विचारत होतं.

यंत्र गरम होईपर्यंत आम्ही शेजारच्या खोलीत भाकरी खाल्ली. (कॅन्टीन सणामुळे बंद होतं. एरवी तिथे राइस प्लेट बरी मिळते म्हणे.) मी डॉ. मेश्रामना माझं सूक्ष्मवालं स्पष्टीकरण ऐकवलं. त्या मनमोकळं हसल्या. "सगळे असंच समजतात. हे यंत्र कुठे सूक्ष्म आहे? मायक्रो आलं मायक्रोवेव्हवरून. तुमच्या ओव्हनमध्ये असतात त्याच जातीच्या लहरी. काकांनी गरम करायला सांगितला तो मॅग्नेट्रॉन त्या तयार करतो, आणि इलेक्ट्रॉनला दर फेरीला धक्का देतात त्या. आणि ट्रॉन म्हणजे या घराण्याचं आडनाव समजा. सायक्लोट्रॉन, बीटाट्रॉन, सगळे इलेक्ट्रॉनचं शेपूट लावून फिरतात."

दहावीच्या किती तुकड्यांना मी सूक्ष्म म्हणून शिकवलं असेल, याचा हिशोब मी मनातल्या मनातच ठेवला.

"आणि रेसट्रॅक?" आत्याने विचारलं.

डॉ. मेश्रामनी ताटातली भाकरी उचलली. "साधा मायक्रोट्रॉन असा असतो, एकच गोल चुंबक. तो मधोमध मोडा." त्यांनी भाकरी मोडली. "आता दोन्ही अर्धे लांब सरकवा. मधल्या मोकळ्या जागेत इलेक्ट्रॉन सरळ पळतो, धक्का खातो, या अर्ध्यात वळतो, परत सरळ येतो, त्या अर्ध्यात वळतो. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानासारखी वाट झाली की नाही? प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा थोडी मोठी. पण दोन्ही अर्धे सारखेच पाहिजेत."

"सारखेच," आत्या म्हणाली, आणि तिने घास खाली ठेवला.

फोन, घड्याळं, एटीएम कार्डं बाहेरच ठेवावी लागतात, त्यामुळे पुढच्या भागाचे फोटो माझ्याकडे नाहीत. यंत्राच्या खोलीचं जाड दार बंद झालं. आम्ही चौघं नियंत्रण कक्षात. समोर छोटा टीव्ही, त्यावर आतल्या पडद्याचं चित्र. इलेक्ट्रॉनचा झोत सगळ्या फेऱ्या पुऱ्या करून त्या पडद्यावर आदळला की तिथे हिरवा ठिपका उमटतो. डॉ. मेश्रामनी चुंबकांचा करंट हळूहळू वाढवला. एक बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. पडदा काळाच. त्यांनी दोन-तीन आकडे बघितले. "झोत दुसऱ्या चुंबकापाशी भरकटून राहिलाय."

आत्याने माझा हात धरला. "दुसराच," ती म्हणाली. "बग. माजाच हाय तो."

"सकाळी तर ठिपका होता," डॉ. मेश्राम पुटपुटल्या. "काका, इथे ही करेक्शनची नॉब आहे ना? थोडी फिरवून बघू का?"

"ती कशासाठी आसती?" आत्याने विचारलं.

डॉ. मेश्राम घुटमळल्या. पण खोटं बोलणाऱ्या त्या नव्हत्या. "दोन कॉइलींमध्ये फरक निघाला, तर तो भरून काढायला ठेवली होती, आजी."

म्हणजे हेच ते ठिगळ. मला तिथून आत्याला घेऊन पळून जावंसं वाटलं. कशाला आणलं मी हिला? तीस वर्षं निदान शंका तरी होती, आता तीही उरणार नाही, असं वाटून मला रडू यायला लागलं.

"हात लावू नका त्या नॉबला!" जगतापकाका जवळजवळ ओरडलेच. "मी इथे आल्यापासून ती शून्यावर आहे. अठ्ठावीस वर्षं! तिच्यावरची चिकटपट्टीसुद्धा माझ्या आधीची आहे. या चुंबकाला ठिगळ कधी लागलंच नाही. भानगड दुसरी काहीतरी आहे." ते बोलता बोलता थांबले. मग कोपऱ्यातल्या ट्रेकडे गेले आणि हत्यारं मोजायला लागले. एकदा मोजली. परत मोजली.

"आठ," ते म्हणाले. "मी पूजेला नऊ मांडली होती."

सगळं बंद केलं. दारावरचा धोक्याचा दिवा हिरवा होईपर्यंत थांबलो. काका आत गेले आणि दोन मिनिटांत परत आले. हातात सहा इंची स्टीलची मोजपट्टी होती, तिला झेंडूच्या चार पाकळ्या चिकटलेल्या.

"दुसऱ्या चुंबकाच्या आतल्या कडेला घट्ट बसली होती, मागे राहिलेल्या सुट्या फुलांच्या खाली," ते म्हणाले. मग आत्यासमोर उभे राहिले. "ताई, चूक माझी. आपल्याशी बोलत बोलत हत्यारं गोळा केली आणि मोजणी चुकली. कॉइलीचा काही दोष नाही."

"होतंय आसं," आत्या म्हणाली. "मधीच कुनी बोललं की होतंय."

पुन्हा दार बंद. पुन्हा करंट. नॉब शून्यावरच, चिकटपट्टीखाली. डॉ. मेश्रामनी बटण दाबलं.

ठिपका!

ज्वारीच्या दाण्याएवढा, हिरवागार, स्थिर. मी ओरडले. खरंच ओरडले, नियंत्रण कक्षात ओरडू नये अशी पाटी समोर असताना. काकांनी टाळी वाजवली. डॉ. मेश्राम खुर्चीतून उठून आत्याच्या खांद्याला धरून म्हणाल्या, "आजी, दोन्ही चुंबकांना एकच करंट जातो. दोन्ही कॉइली एकामागे एक जोडल्यात. तुमचा एक वेढा कमी असता तर हा ठिपका इथे दिसला नसता. आणि तो तीस वर्षं दिसतोय, काही न लावता."

आत्या टीव्हीच्या अगदी जवळ गेली. "किती फेऱ्या मारतो तो आत?"

"आठ."

"आन् दर खेपंला माज्या चुंबकातनं जातो?"

"दर खेपेला."

"आन् चुकत न्हाय?"

"नाही चुकत."

"मग मीबी चुकले न्हाय," आत्या म्हणाली. एकदा म्हणाली, मग मोठ्याने म्हणाली, आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. "परत लावा," म्हणाली. त्यांनी परत लावलं. ठिपका आला. "परत." पाच वेळा लावलं. पाचही वेळा आला. शेवटच्या खेपेला बटण काकांनी आत्याला दाबायला दिलं, डॉ. मेश्राम शेजारी उभ्या राहून. मोडीत निघायच्या आधी त्या यंत्राचा शेवटचा झोत एकाहत्तर वर्षांच्या वाइंडरने सोडला, हे मी लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

निघताना उरलेल्या दोन भाकऱ्या आत्याने डॉ. मेश्रामच्या बॅगेत कोंबल्या, गाडीत खायला. "आईला सांगते तुमचं," त्या म्हणाल्या. काकांनी नारळाचा प्रसाद दिला आणि मला वेगळं सांगितलं, "पुढच्या वेळी कुठे जाल तर वेळेवर जा. दर ठिकाणी आत्या नेता येणार नाही."

परतीची मेट्रो खच्चून भरलेली होती. एका मुलीने आत्याला जागा दिली, तर आत्याने तिला शिवाजीनगर ते स्वारगेट सगळी हकीकत ऐकवली. ती मुलगी आयटीतली असावी, "वाव आजी, सो कूल" म्हणत होती, आणि आत्या "कूल कसलं, वार्निश करताना लई गरम व्हायचं" असं समजावत होती. स्वारगेटला आम्ही मोठालं आइस्क्रीम खाल्लं. मांजरीला तिला सोडून धायरीला घरी पोचायला मला साडेआठ झाले. पाय दुखत होते, पण मी जिन्याने गाणं म्हणत चढले.

ज्यांना अशी सहल करायचीय त्यांच्यासाठी : हे यंत्र आता बघायला मिळणार नाही. पण आपल्या शहरात अशी कितीतरी यंत्रं बंद दारांआड चालू असतात. मेल टाका, नम्रपणे विचारा, बहुतेक जण आनंदाने दाखवतात. तिकिटं, रिक्षा, चहा धरून खर्च एका सिनेमापेक्षा कमी येतो. आणि जाताना घरात कुणी जुन्या कामाचं माणूस असेल तर त्याला सोबत न्या. मी तिथून विज्ञान शिकून आले, माझ्या नोट्समधलं सूक्ष्म खोडलं, मायक्रोवेव्ह लिहिलं. हे सगळं माझ्याजवळ उरलं. आत्याजवळ काय उरलं ते कळायला दुसरा दिवस उजाडला.

दसऱ्याला संध्याकाळी मी तिला फोन लावला. फोन संतोषदादाने, म्हणजे तिच्या मुलाने उचलला.

"आत्याला दे ना. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा म्हणायचंय."

"आता न्हाय देता येनार," दादा हळू आवाजात म्हणाला. "आपल्या उसाच्या पंपाची मोटार जळलीया. मी हडपसरला न्यायला काढली, तर आई म्हनली, ठिव हितं, तांब्याची तार आन. सकाळधरनं अंगनात बसलीया. कुनी बोलायचं न्हाय, म्हनली. मोजनी चालू हाय."